राखण

संध्याकाळी साडेसहाला लेक तबल्याच्या क्लासला जाते आणि मी तिच्या शेतात जाऊन उभी राहते. शेत माइनक्राफ्टमधलं. त्या खेळात खेळाडू जवळपास असला तरच गहू वाढतो. सगळे लांब गेले की रोप असेल तिथेच थांबतं. म्हणून मी माझं पात्र कुंपणाच्या आत आणून उभं करते, शेजारच्या स्क्रीनवर ऑफिसचं काम उघडते आणि मधूनमधून नजर टाकते. आधी कोवळा हिरवा, मग गडद, मग पिवळट. सिन्नरकडे आमचे आजोबा ज्वारी भरली की गोफण घेऊन राखणीला जायचे. आमच्या घरात यालाही राखणच म्हणतात.

हे सगळं जग राहतं एका जुन्या लॅपटॉपवर, चपलांच्या कपाटावर, राउटरशेजारी. बिजागरी तुटलेली, बॅटरी गेलेली. लिनक्स टाकून मी त्याचा घरचा सर्व्हर केला. दोन-तीन महिन्यांनी आम्ही दोघी त्याचा तळ उघडतो. स्क्रू मोजून वाटीत ठेवायचं काम तिचं, पंख्यातली धूळ ब्रशने काढायचं माझं.

मुलांचा ‘स्क्रीन टाइम’ तासांत मोजतात, ते मला पटत नाही. रील सरकवण्यात गेलेला अर्धा तास आणि रेडस्टोन अंथरण्यात गेलेला अर्धा तास एकाच खात्यात कसा मांडायचा? रेडस्टोन म्हणजे त्या खेळातली वीज. तिचा जोर पंधरा ठोकळे टिकतो, पुढे न्यायचा तर मधे रिपीटर बसवावा लागतो. लेकीचं दार काही केल्या उघडेना, तेव्हा तिने मला हाक मारली. मी नेटवर्कचं काम करते. तिला सांगितलं, आमची तांब्याची केबलसुद्धा शंभर मीटरपर्यंतच धरतात, पुढे जायचं तर मधे स्विच लागतो. ती वळून म्हणाली, “म्हणजे आई, तू ऑफिसात हेच करतेस?” इतक्या वर्षांत माझं काम घरात कुणाला इतकं नेमकं कळलं नव्हतं.

मी पहिला खेळ खेळले तो बाबांच्या ऑफिसात, रविवारी. प्रिन्स ऑफ पर्शिया. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. बाबा शेजारी पेपर वाचत बसायचे आणि जमिनीतून सुळे वर येताना दिसले की पेपर खाली घ्यायचे. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि ते चित्रागणिक गिरवून १९८९च्या त्या खेळातला राजपुत्र घडवला, हे मी खूप नंतर वाचलं. लेकीला सांगितलं, तेव्हा तिने तो खेळ शोधून काढला आणि बराच वेळ राजपुत्राला नुसतंच पळवत बसली.

गेल्या मे महिन्यात जग सेव्ह होत असतानाच लाइट गेली आणि फाइल बिघडली. रात्रीचा बॅकअप आहे म्हणून मी निर्धास्त होते. पाहिलं तर डिस्क भरल्यामुळे तो एकोणीस दिवस झालेलाच नव्हता. हे काम मी तिला शब्द देऊन स्वतःकडे घेतलं होतं. त्या एकोणीस दिवसांत तिने डोंगरातून समुद्रापर्यंत रूळ टाकले होते. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, माफी मागितली. ती उठून आत गेली. बराच वेळ दार लोटलेलं होतं. मग चौकटीची वही घेऊन आली. “बोगदा इथे होता,” म्हणाली, “तू खण, मी रूळ टाकते.”

खणायला तीन रविवार लागले. बोगद्याच्या तोंडाशी तिने नवं शेत केलं, तेच हे.

साडेसात वाजता दारात चपलांचा आवाज येतो. गहू पिवळा झालेला असतो.

“कापला नाहीस ना?”

“नाही गं. तुझीच वाट बघत होते.”