ओझरच्या पाण्यावरून पाहिलेले ग्रहण

जुन्नर तालुक्यात नारायणगावाहून आत वळले की थोड्याच वेळात कुकडीकाठचे ओझर लागते. अष्टविनायकांतील विघ्नहराचे हे ठिकाण. यात्रेकरू येतात, दगडी तटाच्या आतल्या दीपमाळा पाहतात, दर्शन घेतात आणि पुढच्या गणपतीच्या वाटेला लागतात. देवळामागे पसरलेल्या पाण्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. हे येडगाव धरणाचे पाणी. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे आणि येडगाव अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. वरच्या धरणांचे पाणी येडगावला उतरते आणि तेथून डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करीत पार सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जाते. शेतकी खात्यात उभी हयात गेलेल्या माणसाला हे पाणी नुसता देखावा वाटत नाही. त्यावर किती गावांची पिके उभी आहेत, हेच आधी मनात येते.

या पाण्यावरून सूर्यग्रहण पाहण्याचा योग २५ ऑक्टोबर २०२२ रोजी आला. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेले, दुसऱ्या दिवशी पाडवा. मधला मंगळवार अमावस्येचा व ग्रहणाचा म्हणून मोकळा. आम्ही दिवाळीला थोरल्या बहिणीकडे, ओझरजवळच्या वाडीवर गेलो होतो. पुणे भागात ग्रहण पाच वाजण्याच्या दहाएक मिनिटे आधी लागणार होते आणि सूर्य ग्रहण सुटण्याआधीच मावळणार होता. पोरांनी सकाळपासूनच धोशा लावला, "मामा, होडीतून बघू या!"

पण घरात मोठा प्रश्न वेगळाच होता. भाच्याची बायको पाच महिन्यांची गरोदर. आक्काने तिला पहाटेपासून वेध धरायला लावले होते. विळीला हात लावायचा नाही, पाणी प्यायचे नाही, अंधाऱ्या खोलीत बसून राहायचे. नाही तर बाळाचा ओठ फाटका निघतो, असा तिचा समज. दुपारपर्यंत सूनबाईचे तोंड सुकून गेले होते.

मी म्हणालो, "आक्का, तू मला लहानपणी ताप आला की उपास सोडायला लावायचीस. आता हिचा का धरायला लावतेस? पंचांगातसुद्धा लहान मुले, म्हातारी माणसे, आजारी आणि गरोदर बायका यांना वेधात सवलत सांगितली आहे."

दाजींनी पंचांग काढून तेवढ्या ओळी मोठ्याने वाचल्या. आक्का काही बोलली नाही; पण उठली आणि सुनेपुढे भाकरी, भाजी व पाण्याचा तांब्या ठेवला. फाटक्या ओठाचा ग्रहणाशी काही संबंध नाही. गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ओठ-टाळूची घडण होते आणि त्यातला दोष आनुवंशिकता, पोषण, काही औषधे, तंबाखूचे व्यसन अशा कारणांनी येऊ शकतो. गरोदर बाईला उपाशी व तहानलेली ठेवणे मात्र तिला आणि बाळाला खरोखरच बाधते.

पाच वाजता धारांची वेळ झाली. ग्रहणात काढलेले दूध टाकून द्यावे, असेही काही घरांत मानतात. दाजी म्हणाले, "गाईच्या सडाला काय ठाऊक ग्रहण?" त्यांनी नेहमीप्रमाणे धारा काढल्या. डेअरीच्या पावतीवर दूध आणि फॅट, दोन्ही रोजच्यासारखेच आले.

तेवढ्यात भाचीने एक युक्ती केली. लहानशा आरशावर कागद चिकटवला आणि त्याला मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढे भोक पाडले. आरसा अंगणात स्टुलावर टेकवून त्याची तिरीप गोठ्याच्या अंधाऱ्या भिंतीवर सोडली. भिंत दहा मीटर लांब होती, म्हणून सूर्याचे बिंब सुमारे नऊ सेंटिमीटरचे पडले आणि त्याची एक कड कुरतडलेली स्पष्ट दिसली. सूर्याकडे पाठ करून बसलेल्या सूनबाईने ते ग्रहण पाहिले. आक्का दारातूनच डोकावली, पण तिनेही पाहिले.

साडेपाचच्या सुमारास आम्ही घाटावर गेलो. नावाड्याने आधी प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालायला लावले. पोहता येते म्हणणाऱ्या भाच्यालाही त्याने सोडले नाही, हे बरे केले. धरणाचे पाणी वरून शांत दिसते, पण खाली जुनी नदीची खोली असते. होडी मध्यावर गेली. पश्चिमेला डोंगरांची रांग होती, किंचित उजव्या हाताला शिवनेरी, आणि उतरत्या सूर्याचा उजवा भाग काळा पडलेला. जवळजवळ पाचवा हिस्सा झाकला होता. ग्रहणाच्या चष्म्यातून आम्ही पाळीपाळीने पाहिले. पाण्यात पडलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाकडे मात्र टक लावू दिले नाही. ताटातल्या पाण्यात ग्रहण पाहण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे, पण तीही डोळ्यांना सुरक्षित नाही.

"मामा, हे पाणी पुढे कुठं जातं?" भाचीने विचारले. करमाळ्याला, म्हटल्यावर मला जेऊर आठवले. करमाळा तालुक्यातल्या या रेल्वे स्टेशनाच्या गावी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल दुर्बिणी घेऊन आले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनीही तेथेच वेध घेतले. सातासमुद्रापलीकडची माणसे आपल्या शिवारात ग्रहण पाहायला आली होती. आणि १६ फेब्रुवारी १९८० ला, शेजारच्या कर्नाटकात खग्रास ग्रहण असताना, आमच्या गावात खिडक्यांना गोणपाटे लावून सगळे आत बसले होते. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. आज याच जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. अशा तीस तबकड्या खोडदला व आसपासच्या गावांत पसरल्या आहेत, आणि जगभरचे शास्त्रज्ञ तिचा उपयोग करतात.

सूर्य तसाच खंडित अवस्थेत डोंगराआड गेला. उसाच्या रानातून जाणारी वाट बिबट्याची, म्हणून आम्ही अंधार पडायच्या आत जीपने वाडी गाठली.

वाचकहो, २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. इजिप्तमध्ये ते खग्रास दिसेल. आपल्याकडे पावसाळी ढग असतील, पण उघडीप मिळाली तर पाहावे. २० मार्च २०३४ चे खग्रास ग्रहण लडाखमधल्या कारगिल भागातून दिसणार आहे. पाहताना एवढे सांभाळावे: ग्रहणासाठीच प्रमाणित केलेला चष्मा किंवा चौदा नंबरची वेल्डिंगची काच वापरावी. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल वापरू नये. दुर्बिणीतून तर मुळीच पाहू नये. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजले तरी त्या वेळी समजत नाही. चष्मा नसेल तर भोकाचा आरसा किंवा घरातली चाळण पुरते. चाळणीच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर कुरतडलेला सूर्य पडतो. मात्र आरशाची तिरीप कोणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नये, आणि त्या आरशात पाहू नये.

आणि घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर त्या दिवशीही तिचे जेवण वेळेवर द्यावे. ज्यांना देवाचे नाव घ्यायचे त्यांनी जरूर घ्यावे. धारा मात्र वेळेवर काढाव्यात.