धूमकेतूची वही

उर्दूत आपण ज्याला 'दुमदार सितारा' म्हणतो, त्याला मराठीत 'धूमकेतू' म्हणतात. दुम म्हणजे शेपूट, हे तुम्हांला सांगायला नकोच. धूम म्हणजे धूर आणि केतू म्हणजे निशाण. एका भाषेला त्यात शेपूट दिसली, दुसरीला धुराचे निशाण दिसले. वस्तू मात्र एकच. बर्फ आणि धूळ यांचा तो एक मोठा गोळा असतो. सूर्याजवळ आला की त्याच्या बर्फाची वाफ होते, धूळ बाहेर उधळते आणि सूर्यप्रकाशात चमकू लागते.

असा एक धूमकेतू 2024 साली मी माझ्या विद्यार्थ्यांबरोबर पाहिला. त्याचे नाव पॉन्स-ब्रुक्स. जाँ-लुई पॉन्स हे फ्रान्समधील मार्सेय शहराच्या वेधशाळेत दारवान म्हणून नोकरीस लागले होते. तेथेच ते आकाश पाहावयास शिकले आणि पुढे त्यांनी तीसहून अधिक धूमकेतू शोधून काढले. हा धूमकेतू त्यांना जुलै 1812 मध्ये दिसला. एंके नावाच्या जर्मन गणितज्ञांनी त्याच्या मार्गाचे गणित केले आणि तो सुमारे 70-71 वर्षांनी परत येईल असे सांगितले. 1883 साली अमेरिकेत विल्यम ब्रुक्स यांना एक धूमकेतू दिसला. त्याचा मार्ग तपासला, तेव्हा तो पॉन्स यांचाच निघाला! पॉन्स मात्र 1831 सालीच वारले होते.

आता या पाहुण्याचा रस्ता कसा आहे ते पाहू. तो लांबट अंड्यासारखा आहे. सूर्याच्या अगदी जवळ येतो तेव्हा हा धूमकेतू त्याच्यापासून सुमारे 11 कोटी 70 लाख किलोमीटरवर असतो. दूर जातो तेव्हा नेपच्यून ग्रहाच्याही पलीकडे, सुमारे 500 कोटी किलोमीटरवर पोहोचतो. सूर्याजवळ तो वेगाने धावतो आणि दूर गेला की रेंगाळतो. म्हणून त्याचे बहुतेक आयुष्य थंडीत आणि अंधारात जाते. आपल्याला तो दिसतो ते थोडेच महिने.

तो सूर्याच्या सर्वांत जवळ कधी आला, ते मी फळ्यावर लिहिले: सप्टेंबर 1812, जानेवारी 1884, मे 1954, एप्रिल 2024. मग मुलांना वजाबाकी करायला सांगितली. तुम्हीही करा. पहिले अंतर 71 वर्षे 4 महिने, दुसरे 70 वर्षे 4 महिने आणि तिसरे 69 वर्षे 11 महिने येईल. एका मुलाने लगेच विचारले, "सर, रस्ता एकच आहे, मग वेळ सारखा का नाही?" प्रश्न फार चांगला होता. वाटेत गुरू आणि शनी यांसारखे मोठे ग्रह त्याला थोडे थोडे ओढतात. त्यामुळे त्याची चाल बदलते. हा बदलही गणितात धरता येतो. म्हणूनच 21 एप्रिल 2024 ही तारीख शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होती.

परंतु मित्रांनो, मार्ग सांगता येतो तितक्या खात्रीने तेज सांगता येत नाही. 20 जुलै 2023 रोजी हा धूमकेतू सूर्यापासून 50 कोटी किलोमीटरहून अधिक दूर असताना एकाएकी सुमारे शंभर पट उजळला! आत कोंडलेला वायू वरचे कवच फोडून बाहेर आला असावा, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. त्या वेळच्या छायाचित्रांत त्याला दोन शिंगे असल्यासारखे दिसले. झाले! त्याला 'सैतानी धूमकेतू' हे नाव पडले आणि ते जगभर पसरले.

आमच्या वस्तीतही ते पोहोचले. एका मुलाच्या दादींनी त्याला रात्री गच्चीवर जाण्यास मनाई केली. मी वर्गात काही भाषण केले नाही. फक्त एक आकडा सांगितला. हा धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ 2 जून 2024 रोजी येणार होता आणि तेव्हाही तो आपल्यापासून सुमारे 23 कोटी किलोमीटर दूर राहणार होता. सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे तो सूर्यापेक्षाही लांबूनच जाणार होता.

मार्चच्या अखेरीस रमजान चालू होता. इफ्तार आणि मगरिबची नमाज झाली की इशाच्या अजानपर्यंत आम्हांला थोडा वेळ मिळे. तेवढ्यात आम्ही एका गच्चीवर जमत असू. हाताशी एक लहान दुर्बीण आणि एक वही होती. 30 मार्चच्या सुमारास धूमकेतू मेष राशीतील 'हमल' या ताऱ्याच्या अगदी शेजारी होता. हमल हा शब्द अरबी आहे, त्याचा अर्थ मेंढा. मेष म्हणजेही मेंढाच!

तेज कसे मोजायचे? ताऱ्यांच्या तेजाला 'प्रत' म्हणतात. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. हमल दुसऱ्या प्रतीचा आहे. नुसत्या डोळ्यांना अंधाऱ्या जागी सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. तारा म्हणजे ठिपका आणि धूमकेतू म्हणजे पसरट धूसर डाग, मग तुलना कशी करावी? दुर्बीण थोडी फिरवून ताऱ्याला मुद्दाम अस्पष्ट करावे. तो धूमकेतूएवढा पसरला की दोघांचे तेज ताडून पाहावे. एक तारा धूमकेतूहून उजळ घ्यावा आणि एक मंद. मग धूमकेतू त्या दोघांच्या मध्ये कोठे बसतो ते ठरवावे.

मी नियम केला होता, की दुसऱ्याच्या आकड्याकडे न पाहता प्रत्येकाने आपला आकडा लिहायचा. कुणी 4.5 लिहिले, कुणी 5. सगळे आकडे तसेच ठेवले, कुणाचाही खोडला नाही. डोळ्यांनी पाहिले ते लिहायचे, हीच आमची शिस्त होती.

चौथ्या दिवशी त्या दादी स्वतःच जिना चढून आल्या. पुष्कळ वेळ दुर्बिणीतून पाहून म्हणाल्या, "एवढासा कापसाचा बोळा! याला भ्यायचं काय, बेटा?" 1954 साली हा धूमकेतू आला होता, तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. तेव्हा त्यांना तो कुणी दाखवला नव्हता. वहीत त्यांनी आपला आकडा उर्दूत लिहिला.

10 एप्रिलला सगळा गाव ईदचा चांद शोधत होता. कोर दिसली, जवळच गुरू चमकत होता. आमची मुले मात्र त्याच भागात दुर्बिणीने आणखी एक पाहुणा शोधत होती. त्यानंतर तो संधिप्रकाशात बुडत गेला आणि आमच्या नोंदी थांबल्या.

तो पुन्हा ऑगस्ट 2095 मध्ये सूर्याजवळ येईल. "सर, तेव्हा मी पंचाऐंशी वर्षांची असेन," नववीतली एक मुलगी हिशेब करून म्हणाली, "आणि तुम्ही?" वर्ग शांत झाला. मी म्हणालो, "मी नसेन. पण वही असेल." पॉन्स यांनी तो परत आलेला पाहिला नाही, तरी त्यांच्या नोंदीवरूनच तो ओळखला गेला.

ती वही आता शाळेच्या कपाटात आहे. तिचे शेवटचे पान आम्ही कोरे ठेवले आहे. त्यावर फक्त '2095' एवढेच लिहिले आहे. मित्रांनो, तुम्हीही एखादी वही करा. चंद्राची करा, पावसाची करा, पाखरांची करा. जे दिसेल ते तारीख घालून खरे खरे लिहा. तुमचे ते पान पुढे कुणाच्या उपयोगी पडेल, हे आज कोण सांगू शकेल?