शिकागोची गाय : एका आळाची आणि एका बाजारपेठेची गोष्ट

१/ इ.स. १८७१, ८ ऑक्टोबरची रात्र. शिकागोच्या डीकोव्हेन मार्गावरील एका गोठ्यापाशी आग लागली. पावसाने दीर्घकाळ दडी मारली होती, वारा जोराचा होता आणि शहर बव्हंशी लाकडाचे होते. आग शमेपर्यंत सुमारे ३०० माणसे दगावली होती आणि १ लाखाच्या आसपास लोक बेघर झाले होते.

२/ गोठा होता कॅथरीन ओ'लिअरी हिचा. दूध विकून संसाराला हातभार लावणारी ही आयरिश बाई. राख निवण्यापूर्वीच वृत्तपत्री निकाल लागला : बाई धार काढत होती, गायीने लाथ मारून कंदील उलथवला आणि शहर पेटले.

३/ चौकशी मंडळापुढे कॅथरीनने सांगितले की, आग लागली तेव्हा ती अंथरुणात होती. मंडळाला आगीचे नेमके कारण ठरवता आले नाही. पण ती गरीब होती, परदेशातून आलेली होती, कॅथलिक होती. एवढे लोकांना पुरेसे होते. १८९५ मध्ये ती वारली. आळ मात्र मागे उरला, गाण्यांत आणि चित्रांत रंगत गेला.

४/ यातील विसंगती अशी की, या शहराची भरभराटच मुळी गुराढोरांवर झालेली. १८६५ मध्ये सुरू झालेला तिथला ‘युनियन स्टॉक यार्ड्स’ हा अवाढव्य गुरांचा बाजार १९७१ पर्यंत चालला. ज्या पशूने शहराला श्रीमंत केले, त्यालाच शहराने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

५/ अखेर १९९७ मध्ये, आगीनंतर १२६ वर्षांनी, शिकागोच्या नगरपरिषदेने ठराव करून कॅथरीनला आणि तिच्या गायीला दोषमुक्त केले. न्याय मिळाला, पण तो कागदावर.

६/ आता स्वित्झर्लंडकडे वळू. झुरिचमधील मध्यवर्ती पेठेच्या व्यापारी संघटनेने १९८६ मध्ये शहराचे मानचिन्ह असलेला सिंह रस्तोरस्ती मांडला होता. १९९८ मध्ये पाळी आली गायीची. शिल्पकार पास्काल क्नाप यांनी घडवलेल्या मूळ आकृतींवरून फायबरग्लासच्या गायी तयार झाल्या : एक उभी, एक चरणारी, एक बसलेली. कलावंतांनी रंगवलेल्या अशा ८०० हून अधिक गायी शहरभर उभ्या राहिल्या.

७/ त्या उन्हाळ्यात झुरिचला गेलेल्या पाहुण्यांत शिकागोचे पादत्राणांचे व्यापारी पीटर हॅनिग होते. गिऱ्हाईक दुकानापर्यंत कसे आणावे, ही त्यांची रोजची विवंचना. परतल्यावर त्यांनी शहराच्या सांस्कृतिक आयुक्त लोइस वाइसबर्ग यांच्यापुढे ही कल्पना मांडली. १९९९ च्या उन्हाळ्यात शिकागोत ३०० हून अधिक गायी अवतरल्या. मिशिगन मार्गावरील दुकानांपुढे तर त्यांची रांगच लागली.

८/ व्यवस्था साधी होती. दुकानदार, कंपन्या, संस्था यांनी गायीचा खर्च उचलावा, स्थानिक कलावंताने ती सजवावी. ही कला की जाहिरात, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. प्रामाणिक उत्तर ‘दोन्ही’ असेच द्यावे लागेल. परंतु संग्रहालयाची पायरी कधी न चढलेली माणसेही शिल्पाभोवती फिरली, लहान मुलांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, हेही तितकेच खरे. शेवटी यांतील बऱ्याच गायींचा लिलाव झाला आणि सुमारे ३५ लाख डॉलर धर्मादाय कामांसाठी जमले.

९/ आयोजकांनी हे काही प्रायश्चित्त म्हणून केले नव्हते. त्यांना पेठ गजबजायला हवी होती. तरीही इतिहास कधी कधी अशाच आडवाटेने फेड करतो. नगरपरिषदेचा ठराव थोड्यांनी वाचला असेल; दारातली गाय सगळ्यांनी पाहिली. जिच्या नावाने शहराने शतकभर बोटे मोडली, तिला त्याच शहराच्या दुकानदारांनी आपल्या उंबरठ्याशी मानाने उभे केले. कॅथरीनला मात्र हे पाहता आले नाही. अफवा एका रात्रीत गावभर होते; ती पुसायला सव्वाशे वर्षे लागतात.