नांव आणि आंकडा

नामाचा महिमा आमच्या संतांनीं पुष्कळ गायिला. परंतु नामामागें आंकडा दडलेला असतो, ही गोष्ट आम्हांस साठी उलटल्यावर, आणि तीही इंदापुरच्या एका विद्यार्थिनीच्या अर्जामुळें, कळली.

प्रकार असा. एका शिक्षणसंस्थेनें शिष्यवृत्तीचे अर्ज संकेतस्थळावर मागविले होते. अखेरीस गर्दी होणार म्हणून एका सर्व्हरच्या जागीं तीन घेऊन त्यांच्यापुढें लोड बॅलन्सर नांवाचें यंत्र बसविलें. बेत उत्तम होता. मुलीनें शेवटच्या दिवशीं सायंकाळीं अर्ज भरला, तिला पोंचही मिळाली. आणि पुढें उत्तर आलें कीं तुमचा अर्ज आलेलाच नाहीं! बाप दुसऱ्याच्या शेतांत राबणारा. शिष्यवृत्ति गेली म्हणजे बारामतीचें कॉलेजही गेलें. पोंचेचा कागद घेऊन ती आमच्याकडे आली.

आमची पुतणी याच धंद्यांत आहे. तिनें समजावून दिलें तें येथें देतों, कारण हल्लीं घरोघरीं अर्ज असेच भरले जातात. संगणक एकमेकांस आंकड्यांनीं ओळखतात, नांवांनीं नव्हे. पूर्वीं नांवें व आंकडे यांची एकच यादी कॅलिफोर्नियांत ठेवीत; ती आवरेना, तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं हें दप्तर ठिकठिकाणीं वांटून ठेवण्याची योजना मांडली. तीच डीएनएस. यांतील ‘ए’ नोंद म्हणजे अमुक नांवाचा अमुक आंकडा. लोड बॅलन्सर असला म्हणजे नोंदींत त्याचाच आंकडा लिहावयाचा. मागच्या तीन सर्व्हरांचे नव्हे. ते लिहिले तर दप्तर पाळीपाळीनें एकेक सांगत सुटतें, आणि त्यांतला एक बंद पडला आहे हें त्याच्या गांवींही नसतें. लोड बॅलन्सर मात्र दर कांहीं सेकंदांनीं प्रत्येकाची विचारपूस करतो व जो उत्तर देत नाहीं त्याच्याकडे कोणास धाडीत नाहीं. हीं यंत्रेंही बहुधा जोडीनें ठेवतात. एक बसलें तर दुसरें तोच आंकडा धारण करतें. ‘मुख्याध्यापक’ एवढाच पत्ता घातलेलें पत्र खुर्चीवर जो असेल त्याला मिळतें, तसें हें.

नीरेच्या डाव्या कालव्यावर पाटकऱ्याचें काम ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगणें नको. कोणत्या चारीला किती पाणी सोडावयाचें, कोणती फुटली आहे, हें तो जाणतो. (कालव्याच्या शेपटाकडील गांवांचें गाऱ्हाणें मात्र कोणतेंही यंत्र मिटवील असें आम्हांस वाटत नाहीं.)

मग बिघडलें कोठें? प्रत्येक नोंदीस सेकंदांत मोजलेलें आयुष्य असतें. त्यास टीटीएल म्हणतात. येथें तें ८६,४०० होतें, म्हणजे पुरा एक दिवस. ज्या इंटरनेट कंपनीनें काल आंकडा विचारून ठेवला ती आज दिवसभर तोच सांगणार. आणि संस्थेनें आंकडा बदलला तो नेमका शेवटच्या सकाळीं! वास्तविक दोन दिवस आधीं तें आयुष्य ३०० वर आणावयाचें, जुनी मुदत सरूं द्यावयाची, मग आंकडा बदलावयाचा, आणि जुन्या यंत्रावर येणारांस नव्याकडे वळवावयाचें. जुना सर्व्हर तसाच चालूं राहिला. तो अर्ज घेई, पोंच देई. नव्या कोठारांत मात्र कांहींच जात नसे.

कचेरींत प्रथम ‘मुदत संपली’ हें एकच उत्तर. मुलगी पोंच पुढें करी, आणि गृहस्थ ती हातांत घेऊनही पाहीनात. याचा आम्हांस फार राग आला. तिसऱ्या खेपेस पुतणीनें लिहून दिलेला प्रश्नच आम्ही टेबलावर ठेवला : जुना सर्व्हर उघडून पाहिला काय? पाहिला, तों अर्ज तेथेंच होता; वेळ सायंकाळीं ७ वाजून ४० मिनिटें. तो मान्य झाला. पण त्याच्या खालीं आणखीही अर्ज होते. त्या मुलांपैकीं कोणीही विचारावयास आलें नव्हतें. या सर्वांस पत्रें गेल्याखेरीज उठणार नाहीं, असें सांगून आम्ही तेथेंच बसलों. मुलगी पत्ते वाचूं लागली, कारकून लिहूं लागले. शिपाई दिवे मालवावयास आला तेव्हां निम्मीं पत्रें झालीं होतीं; त्यास आम्हीं चहा आणावयास पाठविलें.