घोस्ट घ्यावी की फ्लाइंग स्पर?

दुबईत माणसाची ऐपत त्याच्या गाडीवरून जोखायला जाऊ नये. कालपरवा आलेला पोरगा भाड्याच्या लॅम्बोर्गिनीला टेकून फोटो काढतो, आणि देऱ्यात तीस वर्षं दुकान चालवणारा शेठ कोरोलातून फिरतो. आमचे एक सांगलीकर मित्र या दुसऱ्या जातीतले. शारजात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, आयुष्यभर पिकअप हाकलेली, मुलं शिकून मार्गी लागलेली. यंदा त्यांनी मनावर घेतलं. ‘‘आता एक राजेशाही गाडी पाहिजे बघा. जुनी चालेल, पण नाव पाहिजे.’’ वहिनींनी नाक मुरडलं, पण मोडता घातला नाही. मी पेशानं हिशेबनीस, त्यामुळे सल्लागार म्हणून माझी वर्णी लागली.

रास अल खोरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन गाड्यांवर त्यांचं मन बसलं: २०१२ची रोल्स-रॉइस घोस्ट आणि २०१५ची बेंटली फ्लाइंग स्पर. घोस्टची किंमत नव्या लँडक्रूझरच्या आसपास, स्पर त्याहून बरीच खाली. दोन्ही पांढऱ्या. इथल्या उन्हात दुसरा रंग घेणाऱ्याला हौशीच म्हणायचं.

या दोघी खरं तर एकाच घरातल्या. १९३१मध्ये रोल्स-रॉइसनं डबघाईला आलेली बेंटली विकत घेतली. युद्धानंतर दोन्ही गाड्या इंग्लंडमधल्या क्रू गावच्या एकाच कारखान्यात बनू लागल्या आणि कितीतरी वर्षं पुढची जाळी सोडली तर दोघींत फरक शोधावा लागे. १९९८मध्ये वाटणी झाली, आणि ती आपल्याकडच्या कुठल्याही वाड्याच्या वाटणीला शोभेल अशी. फोक्सवॅगननं ४३ कोटी पौंड मोजून कारखाना घेतला, बेंटली घेतली, रोल्सची जाळी आणि बॉनेटवरची ती पंख पसरलेली बाईसुद्धा घेतली. फक्त ‘रोल्स-रॉइस’ हे नाव विमानाची इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्याच कंपनीचं होतं. तिनं ते बीएमडब्ल्यूला ४ कोटी पौंडांत देऊन टाकलं. वाडा एकाकडे, आडनाव दुसऱ्याकडे. शेवटी तडजोड झाली आणि २००३पासून रोल्स गुडवुडला नव्या कारखान्यात बनू लागली.

सांगलीकरांना ही कथा फार आवडली. पण मी ती सांगितली कारण जुनी गाडी घेणाऱ्याच्या खिशाशी तिचा थेट संबंध आहे. घोस्टच्या पोटात बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजचा बराच ऐवज आहे. ६.६ लिटरचं व्ही-१२ इंजिन मूळ तिकडच्याच घराण्यातलं, आणि पडद्यावरचा मेन्यूही नीट पाहिला तर ओळखीचा वाटतो. स्परच्या पोटात फोक्सवॅगनचा संसार. त्यामुळे अल कूझच्या गल्ल्यांत, जिथे पत्र्याच्या शेडखाली जगातली कुठलीही गाडी उघडून ठेवलेली दिसते, तिथल्या मेकॅनिकला या दोन्ही गाड्या परक्या नाहीत. काही पार्ट साध्या भावंडांच्या नावानं मिळतात. बाकीच्यांचे भाव मात्र नव्या गाडीचेच. गाडीची किंमत पडते, तिच्या पार्टची पडत नाही. जुन्या ऐषारामी गाड्यांचा अख्खा बाजार या एका गोष्टीवर चालतो.

स्परचं इंजिन डब्ल्यू-१२. दोन अरुंद व्ही-६ एकाच क्रँकवर जोडावेत तशी त्याची रचना. ६ लिटर, दोन टर्बो, सहाशेहून जास्त अश्वशक्ती. कागदावर वाचून छाती फुगते, बॉनेट उघडल्यावर धडकी भरते. आमच्या ओळखीच्या मल्याळी मेकॅनिकनं टॉर्च मारून दाखवलं: इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये त्याचा हातही जाईना. ‘‘भाई, इधर एक पाइप लीक हुआ ना, पूरा इंजिन नीचे उतारना पड़ेगा,’’ तो म्हणाला. पाइप शंभर दिरहमचा, मजुरी हजारोंची. मजुरीचा आकडा ऐकून सांगलीकर गप्प झाले. स्वतः वर्कशॉप चालवणारा माणूस, मजुरी कशाला म्हणतात हे त्यांना सांगावं लागत नाही.

मग घोस्टपाशी आलो. मागचं दार उलटं उघडतं, आतून एक बटण दाबलं की आपोआप मिटतं. चाक फिरलं तरी मधली आर-आर अक्षरं सरळ उभीच राहतात. इंजिन किती फेरे घेतं हे दाखवणारा काटाच नाही. त्याच्या जागी अजून किती ताकद शिल्लक आहे ते दाखवणारी तबकडी. मागच्या सीटवर बसून दार मिटलं आणि बाजाराचा सगळा गोंगाट बंद झाला. सांगलीकरांचा चेहरा पाहून विक्रेत्याला वाटलं, सौदा झाला.

मी खाली वाकून पाहिलं. उजवीकडचं मागचं चाक मडगार्डमध्ये दोन बोटं जास्त आत गेलं होतं. गाडी हवेच्या सस्पेन्शनवर असते. रात्रभर उभी राहून एक कोपरा बसला, की हवा कुठूनतरी निसटते आहे. इथल्या उन्हानं रबर वाळतं, डॅशबोर्डचं कातडं काचेच्या कडेला आक्रसतं, लाकडाच्या पॉलिशला केसासारखे तडे जातात. या गाडीत तिन्ही होतं. टायरवर कारखान्याचे चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. इथे पाच वर्षांवरचं टायर पासिंगला चालत नाही. या गाडीला नवा जोड लवकरच लागणार होता.

आणि एक गोष्ट दुबईत गाडी घेणाऱ्यानं विसरूच नये. १६ एप्रिल २०२४ला इथे ७५ वर्षांत कधी पडला नव्हता असा पाऊस पडला. शेख झायेद रोडवर गाड्या छपरापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. त्यातल्या काही धुवून पुसून बाजारात आल्या. असल्या गाडीत कातड्याखालीसुद्धा वायरिंगचं जाळं असतं; एकदा पाणी शिरलं की गाडी काही काळ नीट चालते आणि मग रोज नवा दिवा लावते. म्हणून सीटखालचा कार्पेट उचलून पाहायचा, सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधायची, चासी नंबरावरून अपघाताची नोंद काढायची. ‘जीसीसी स्पेक’, म्हणजे मुळात आखाती देशांसाठीच बनलेली आहे का, हे आधीच विचारायचं. अमेरिकेतून अपघातात निकालात निघालेल्या गाड्या आणून इथे रंगवून विकतात, आणि त्या स्वस्त का आहेत हे विक्रेता सांगत नाही.

गाडी पुढेमागे गावाकडे नेऊ, हा विचार सांगलीकरांच्या मनात होता. तो मी तिथेच मोडला. स्टीअरिंग डावीकडे, आणि भारतात जुनी गाडी आणायची तर उजव्या स्टीअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली लागते. सांगली-मिरज रस्त्यावर ही गाडी दिसणार नाही. तसंही, थाट दाखवायचाच असेल तर दुबईत गाडीही पुरत नाही. २०२३मध्ये ‘पी ७’ ही नंबरप्लेट साडेपाच कोटी दिरहमला गेली, पैसे धर्मादायात. त्या स्पर्धेत आपण कशाला उतरायचं?

माझं मत मी त्यांना सरळ सांगितलं. घोस्ट मागे बसणाऱ्याची गाडी आहे. घरात ड्रायव्हर असेल, तर तिला तोड नाही आणि पुढे विकताना नाव उपयोगी पडेल. स्पर स्वतः चालवणाऱ्याची. सांगलीकर ड्रायव्हर ठेवणारे नव्हेत. त्यांनी स्परच घ्यावी, पण ही डब्ल्यू-१२ नको. त्याच पिढीत ४ लिटरची व्ही-८ मिळते, हात घालायला जागा असलेली, पेट्रोलही कमी पिणारी. आणि गाडीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढून ठेवावी. ती जमत नसेल तर कोरोला उत्तम गाडी आहे.

वाचकांपैकी कुणाच्या पाहण्यात एकाच मालकाकडे राहिलेली, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असलेली, जीसीसी स्पेकची व्ही-८ स्पर असेल तर जरूर कळवा. रंग पांढराच हवा, असं वहिनींनी बजावलं आहे.