मका आणि चुना

पदार्थांची नावे फार लवकर प्रवास करतात. कृती मात्र रेंगाळत मागून येते, आणि पुष्कळदा येतच नाही. ‘टॅको’ हे नाव आता दिल्लीतल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यांच्या लेखी तो दुमडलेल्या पापडासारखा एक कुरकुरीत प्रकार असतो. आमच्या कचेरीतले एक गृहस्थ मेक्सिकोतील आपल्या वकिलातीत तीन वर्षे काढून परतले आणि मधल्या सुट्टीत त्यांनी तिथल्या टॅकोचे जे वर्णन ऐकवले, त्यात कुरकुरीत असे काहीच नव्हते. मक्याची मऊ, तळहाताएवढी भाकरी. तीत हाडापासून आपण होऊन सुटलेले, रेषारेषांनी मोकळे झालेले मांस. वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाचे चार थेंब. बस्स, एवढेच.

मेक्सिकोत या शिजवण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. इदाल्गो प्रांतात जमिनीत खड्डा खणतात, तळाशी दगड तापवतात आणि आपल्या बांधावरच्या घायपाताच्या कुळातील मॅगेची पाने अंथरून त्यांत मेंढीचे मांस रात्रभर पुरून ठेवतात. खाली ठेवलेल्या भांड्यात गळलेला रस हा सकाळचा कढण. हा ‘बार्बाकोआ’. हालिस्को प्रांतात बकऱ्याचे मांस सुक्या मिरच्यांच्या वाटणात मुरवून मंद आचेवर शिजवतात, ती ‘बिर्रिया’. शेळ्यामेंढ्या तिकडे स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्या शतकात गेल्या. मका, मिरची आणि टोमॅटो ही मात्र मूळची तिथलीच.

सरकारी वसाहतीतल्या दुसऱ्या मजल्यावर खड्डा खणणे शक्य नसल्याने आम्ही बिर्रिया पत्करली. खाटकाकडून पुढच्या पायाचे, खांद्याचे आणि नळीचे हाडासकट दीड किलो मांस आणले. जो स्नायू जन्मभर राबतो तो चिवट. पण चवही त्यालाच अधिक. तिथल्या ग्वाहियो मिरचीच्या जागी आपली ब्याडगी चालते, कारण दोहींचा गुण एकच: रंग दांडगा, तिखटपणा बेताचा. बारा मिरच्या तव्यावर भाजून गरम पाण्यात भिजवल्या. दोन भाजलेले टोमॅटो, आठ पाकळ्या लसूण, थोडे जिरे, तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि दोन चमचे सिरका घालून वाटण केले. मांस त्यात रात्रभर मुरले.

दुसरे दिवशी, रविवारी, जाड बुडाच्या पातेल्यात मांस बुडेल इतके पाणी घालून वर घट्ट झाकण ठेवले. येथून पुढे माणसाने फारसे काही करायचे नसते, आणि तेच सर्वांत कठीण. पाणी खदखदू द्यायचे नाही. मधूनच एखादा बुडबुडा यावा एवढीच आच. स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन सत्तर अंशांच्या पुढे हळूहळू विरघळते आणि त्याचे जिलेटिन होते. आच वाढवून हे काम लवकर उरकू म्हटले, तर तंतू आवळून कोरडे पडतात. चार तासांनी दोन काट्यांनी नुसते ओढले की मांस सुटते. सुरीची गरजच पडत नाही.

पण या सगळ्या खटाटोपाचा जीव मांसात नसून भाकरीत आहे. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षे मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले आहेत. अर्धा किलो वाळलेल्या मक्याला लहान चमचाभर चुना. पाऊण तास मंद शिजवून रात्रभर तसाच ठेवायचा, मग चोळून धुवायचा. साले निघून जातात, दाणा मऊ पडतो, आणि दळल्यावर त्याचे चिकटून राहणारे पीठ होते. याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मक्यातले नायॅसिन हे जीवनसत्त्व एरवी बांधलेले असते. चुना ते मोकळे करतो.

मका युरोपात गेला, पण चुना मागे राहिला. स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली गरीब शेतकऱ्यांच्या एका चमत्कारिक रोगाची नोंद केली. कातडी खरखरीत होऊन फुटे, शेवटी बुद्धीही जाई. इटलीत त्याला पेलाग्रा म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो माणसे दगावली. मक्यावर जगणाऱ्या मेक्सिकोतील खेड्यांत मात्र तो क्वचितच आढळे. नायॅसिन हा त्यावरचा उपाय आहे हे कॉनरॅड एल्व्हेहेम यांच्या संशोधनातून १९३७ साली उघड झाले. लोकांनी धान्य नेले होते, पण ते शिजवणाऱ्या बायकांना कोणी काही विचारले नव्हते.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला ही हकीकत थोडी टोचते. आमच्याही घरी नावे शाबूत आहेत: गणपती आहे, पुरणपोळी आहे. चिरंजीवांना मराठी समजते. उत्तर मात्र हिंदीत येते. आपणही धान्य तेवढे बरोबर आणले की काय, असे कधी कधी वाटते.

मक्यासाठी चुना आईच्या चुनाळ्यातूनच घेतला. “अरे, मक्याला विडा खायला घालतोस की काय?” ती म्हणाली. पण धुतलेले दाणे दिसताच ती पाट्यापाशी येऊन बसली. मिक्सरला पाणी जास्त लागते, आणि पाणी वाढले की भाकरी थापता येत नाही. मेक्सिकोतल्या बायकाही असाच तिरप्या दगडावर मका वाटीत. साताऱ्याकडे पन्नास वर्षे ज्वारी थापलेल्या हातांना हे परके पीठ लगेच वश झाले.

“दादी, इसे पलटूँ?” चिरंजीवांनी तव्यापाशी विचारले.

“उलथू का, म्हण. आणि दादी नव्हे, आजी.”

“उलथू का, आजी?”

भाकरी उलथली आणि टम्म फुगली. मांस भरून, कढणात बुडवून आम्ही सहा-सहा टॅको संपवले. आईने फक्त कढण आणि भाकरी घेतली. मांस ती खात नाही, असे तिने आम्हांला आजवर सांगितले होते, त्यात कढण येत नाही म्हणे.

येत्या शनिवारी मका शिजत घालण्याचे काम चिरंजीवांनी मागून घेतले आहे. चुना किती घालायचा, हे ते आजीलाच विचारणार आहेत.