येलदरीस पाठविलेली पत्रे

१

मनमाड जंक्शन, डिसेंबर १९६६
रात्र फार झाली आहे

ती. अण्णांस बालकाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

औरंगाबादेहून आमची मीटरगेजची गाडी वेळेवर सुटली. परंतु वाटेत तिने प्रत्येक लहानमोठ्या स्टेशनाचा इतक्या अगत्याने समाचार घेतला की आम्ही मनमाडास पोहोचलो तेव्हा मुंबईची गाडी निघून गेली होती, आणि आता पहाटेच्या गाडीखेरीज गत्यंतर नसल्यामुळे आमचा सगळा वर्ग, दोन प्राध्यापक आणि वळकट्या असा संसार फलाटावर मांडून आम्ही बसलो आहोत. पूर्णेच्या पात्रावरून येणारा वारा ज्याने लहानपणापासून अंगावर घेतला त्याने थंडीची तक्रार करू नये हे मला मान्य आहे. तथापि येलदरीस निदान चार भिंती असतात, चूल असते आणि आईची गोधडी असते. येथे बाक लोखंडी आहे. कानटोपी आणली नसती तर बरे झाले असते, कारण ती एकच असल्यामुळे दर अर्ध्या तासाने पाळीपाळीने फिरते आहे व सध्या मानवतच्या मित्राच्या डोक्यावर आहे.

आज मनस्ताप झाला तो एका तिकीटबाबूमुळे. स्टेशनाचे नाव लिहीत नाही. विद्यार्थ्यांस भाड्यात जी सवलत मिळते तिचा रीतसर अर्ज आमच्या सरांनी खिडकीत दिला असता त्या गृहस्थांनी तो उलटसुलट पाहून असा आक्षेप घेतला की प्राचार्यांचा शिक्का सहीवर पडल्यामुळे सही वाचता येत नाही, आणि सही वाचता येत नसल्यामुळे शिक्का योग्य इसमाने मारला किंवा कसे हे ठरत नाही. सबब अर्ज नामंजूर. ज्या सरांनी नुसते चष्म्यावरून पाहिले तरी प्रयोगशाळेत आमच्या हातातील ब्यूरेट थरथरते, ते सर त्या खिडकीपुढे हात जोडून उभे होते, हे दृश्य मला पाहवले नाही. पान खाऊन होईपर्यंत बाबूंनी उत्तर दिले नाही. मग कोणताही नवा खुलासा न मागता त्यांनी तोच अर्ज मंजूर केला.

आपल्या मागील पत्रातील मुख्य बाब, म्हणजे बी.एस्सी. झाल्यावर पुढे काय, आणि जिंतूरच्या शाळेतील विज्ञान शिक्षकाची जागा धरावी किंवा कसे, हिचे उत्तर मी टाळतो आहे असे आपणांस वाटेल. तसे नाही. बोटे आखडली आहेत, इतकेच.

आपला आज्ञाधारक
बाळ

२

माटुंगा, मुंबई

ती. सौ. आईस शि. सा. न.

हे पत्र धाकटीने मोठ्याने वाचून दाखवावे व मधला मजकूर वगळू नये.

धपाटी कल्याणपर्यंत पुरली. येसराची पुडी मी लपवून ठेविली होती, परंतु तिचा वास लपेना; डब्यातील एका परक्या बाईंनीही चिमूटभर मागून घेतला. आता मात्र हाल आहेत. येथे जेवण म्हणजे 'राइस प्लेट': भाताची एक मूद, पातळ सांबार, दोन पुऱ्या आणि पापड, आणि दुसऱ्यांदा भात मागितला तर वाढपी असा पाहतो की जणू रेशनचा सगळा तुटवडा आपणच निर्माण केला. गावी रेशनच्या तांबड्या मिलोला आपण नाके मुरडतो. मला काल मिलोची भाकरी स्वप्नात दिसली. भाकरी मिळते का असे विचारले तेव्हा गल्ल्यावरचे अण्णा (आपले नव्हेत, उडुप्याचे) हसले. गेटवे ऑफ इंडिया, राणीचा बाग व चौपाटी पाहिली.

येथील रसायन-तंत्रज्ञानाचा विद्यापीठीय विभाग १९३३ साली स्थापन झाला, आणि रंग, तेले, औषधे, कापड यांचे कारखाने चालविणारी माणसे तेथून बाहेर पडतात. इमारतीपेक्षा मला तेथील काचसामान अधिक मोठे वाटले. औरंगाबादेस आम्ही तिघे मिळून एक कंडेन्सर वापरतो, व तो फुटला की तिघांच्या नावे वर्गणी निघते.

दुसरे दिवशी ट्रॉम्ब्यास खताचा कारखाना पाहिला. तो गेल्याच वर्षी चालू झाला. काका म्हणतात ना, की सरकार पोत्यात पांढरी माती भरून विकते? त्यांस सांग की ती हवा आहे. आपण श्वासाबरोबर जी हवा घेतो तिच्यात नायट्रोजन पाऊण हिश्शाहून अधिक असतो, परंतु पिकाला तो तसाच घेता येत नाही. त्याचा हायड्रोजनाशी अतिशय मोठ्या दाबाखाली, तप्त लोखंडी उत्प्रेरकावरून संयोग घडवावा लागतो, तेव्हा अमोनिया होतो, आणि त्यापासून युरिया. हाबर नावाच्या जर्मन पंडिताने १९०९ साली हे टेबलावर करून दाखविले, आणि बॉशने १९१३ साली त्याचा कारखाना उभा केला. पुस्तकात या क्रियेचे समीकरण एका ओळीचे आहे; ट्रॉम्ब्यास ती ओळ चालत जाण्यास आम्हांस अर्धा दिवस लागला. वास मात्र मला लगेच ओळखू आला. कल्हईवाला आपल्या ओट्याशी बसून तापल्या पातेल्यात नवसागर टाकतो आणि पांढरा धूर उठून तू पदर नाकाशी धरतेस, त्या धुरातही हाच अमोनिया असतो. फक्त येथे तो नळांतून मैलोगणती फिरतो.

तेथे आपल्या परभणीकडचा एक तरुण भेटला. बी.एस्सी. होऊन तो पाळीवर केमिस्ट म्हणून लागला आहे. त्याचा पगार ऐकून आमच्यापैकी निम्म्यांनी मनातल्या मनात नोकरी धरली. त्याचे काम काय, तर दर तासाला ठरलेल्या नळातून नमुना काढायचा, ठरलेले टायट्रेशन करायचे आणि आकडा ठरलेल्या रकान्यात लिहायचा. आकडा दोन मर्यादांच्या आत असला म्हणजे झाले, आणि तो बहुधा असतोच. कारखान्याविषयी आम्ही विचारीत होतो, आणि तो मात्र मला पुन्हापुन्हा एवढेच विचारी, की तिकडे हुरडा सुरू झाला का?

ताईच्या बाळास माझ्या वतीने काजळ लाव. त्याला सर्दी आहे असे अण्णांनी लिहिले होते. ती गेली का ते पुण्याच्या पत्त्यावर कळवावे.

तुझा
बाळ

३

पुणे, बुधवार

ती. सौ. ताईस सा. न.

मन ठिकाणावर नाही, म्हणून थोडेच लिहितो. कर्जतला गाडीस मागून इंजिन लावीपर्यंत बटाटेवडे खाल्ले, त्यानंतर आजपर्यंत मनासारखे काही घडलेले नाही. आम्ही जेथे उतरलो आहोत तेथे गरम पाण्याच्या बादलीला वेगळे पैसे पडतात, आणि बादली अर्धी का असे विचारल्यास 'अर्धी म्हणून कोणी सांगितले?' असे उत्तर मिळते. थंडी येथेही आहेच, आणि येलदरीचे पत्र नाही. सर्दीचे कळविण्यास एवढा कालावधी का लागावा?

सकाळी पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना पाहिला. हे तुलाच लिहावयाचे होते. गेल्या साली न्यूमोनियात परभणीच्या डॉक्टरांनी तुला जी सुई टोचली, ती याच औषधाची. १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंगच्या बशीवर जी बुरशी चुकून उगवली, तिच्याच जातीची बुरशी पिंपरीस पोलादी टाक्यांत, साखरेच्या व मक्याच्या काढ्यावर मुद्दाम पोसतात, आणि १९५५ पासून देशास लागणारे पेनिसिलिन तेथे होऊ लागले. टाकीत खालून सतत हवा सोडावी लागते, आणि ती हवा आधी निर्जंतुक केलेली असावी लागते, कारण बाहेरचा एक चुकार जंतू आत शिरला तर तो पेनिसिलिन फस्त करतो व सगळी टाकी गटारात सोडून द्यावी लागते. टाकीस बसविलेल्या जाड काचेतून पाहिले तर आत पिठल्यासारखे काहीतरी उसळत असते. मी त्या काचेशी बराच वेळ थांबलो. मागच्या मुलांनी ढकलले तेव्हा हललो.

शनिवारवाडा बाहेरून पाहिला.

तुझा
बाळ

४

दौंड स्टेशन, परतीच्या वाटेवर

ती. अण्णांस बालकाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आपले कार्ड पुणे सोडण्याच्या दिवशी मिळाले. बाळाची सर्दी गेली, धरणावरचे आपले काम ठीक चालले आहे आणि आईच्या गुडघ्यास तेल लागू पडले, हे वाचून जिवात जीव आला. मनमाडची गाडी येण्यास अवकाश आहे, चहा बरा आहे, तेव्हा ज्या गोष्टीचे उत्तर मी टाळीत होतो तिचे उत्तर आता देतो.

काल आम्ही पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाहिली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडितजींनी तिचे उद्घाटन केले. १९५२ ते १९५७ या काळात तिचे संचालक फिंच नावाचे गृहस्थ होते, आणि हे रसायनज्ञ १९२२ साली प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन एव्हरेस्टवर २७,००० फुटांच्या वर चढून गेले होते. त्यासाठी त्यांनी बलूनच्या कापडाचा, आत पक्ष्यांची मऊ पिसे भरलेला अंगरखा स्वतः योजून शिवून घेतला. सोबतचे गिर्यारोहक आधी त्यास हसले, पण थंडी पडल्यावर हसणे थांबले. मनमाडच्या बाकावर मला या अंगरख्याची माहिती असती तर त्या रात्री मी त्यांचेच नामस्मरण केले असते.

परंतु मला सांगावयाचे आहे ते निराळेच. एका खोलीत आमच्याहून फार तर पाचसहा वर्षांनी वडील असा एक संशोधक काचेच्या बारीक नळीत कसलेसे पांढरे स्फटिक भरून त्यांचा वितळणबिंदू पाहत होता. आपणांस ठाऊक आहे की प्रॅक्टिकलला आम्हांस जे सॉल्ट देतात त्याचे नाव डेमॉन्स्ट्रेटरांच्या वहीत आधीच लिहिलेले असते. हायड्रोजन सल्फाइडच्या सडक्या वासात सबंध दुपार काढून आम्ही एवढेच करतो की त्यांस जे माहीत आहे ते त्यांस परत सांगतो, आणि उत्तर चुकले तर गुण जातात, जगाचे काही जात नाही. त्या सवयीने मी विचारले, की हा पदार्थ किती अंशांवर वितळावयास हवा? नळीवरची नजर न काढता तो म्हणाला, 'तेच पाहतो आहे.' ते उत्तर त्या इमारतीत कोणाच्याच वहीत नव्हते. थोड्या वेळाने एक कण कडेने ओलसर झाला, मग सगळे स्फटिक खाली बसले. त्याने आकडा टिपला, मान हलविली, आणि दुसरी नळी भरावयास घेतली. पहिल्या आकड्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता.

ट्रॉम्ब्याच्या तरुणाचा रकाना आणि या गृहस्थाची वही यांत पगाराच्या दृष्टीने पहिलाच वरचढ असेल. तरीही मला दुसरीकडे जावेसे वाटते. त्यासाठी विद्यापीठात एम.एस्सी.ची आणखी दोन वर्षे लागतील.

यावर आपण म्हणाल, की येलदरीस या विद्येचा उपयोग काय? अण्णा, आपल्या धरणाचे सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होऊन ते घट्ट होते, म्हणूनच त्यावर दिवसेंदिवस पाणी मारण्याचा साहेबांचा हुकूम असतो, आणि त्या संयोगात उष्णता निघते म्हणूनच एवढे मोठे काम एका दमात चढवीत नाहीत. आपण रोज ज्याची हजेरी मांडता त्या कामाच्या पोटात हे चालू आहे. आणखी एक गोष्ट लिहिण्याचे धाडस करतो. आपल्या काळी पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि उस्मानिया विद्यापीठात सगळे शास्त्र उर्दूतून शिकवीत. आजोबांनी दोन वर्षांच्या खर्चाचा हिशेब केला व आपण मॅट्रिकवर थांबून कारकुनी पत्करलीत. २३ ऑगस्ट १९५८ पासून आपले मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादेस आहे. मला हैदराबादेइतके लांब जावयाचे नाही.

खर्चाचा अंदाज वेगळ्या कागदावर केला आहे. लहान मुलांच्या शिकवण्या धरून त्यातील निम्मा मी उचलीन. राहिली फीची सवलत. तिच्या अर्जास वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो, आणि जिंतूरच्या तहसील कचेरीतून तो हाती येण्यास किती हेलपाटे पडतात हे आपण जाणताच. तेव्हा पुढल्या बाजारच्या दिवशी आपण तालुक्याला गेलात तर दाखल्याची दरखास्त देऊन यावी. ती दिलीत म्हणजे आपली संमती आहे असे मी समजेन, निराळे पत्र लिहिण्याचे कारण नाही. हेडमास्तर भेटले तर त्यांस तूर्त होकार देऊ नये. नकारही देऊ नये.

आपला आज्ञाधारक
बाळ